अंगाची आठवण : अ‍ॅलर्जीच्या अभ्यासाला प्रस्तावना

तानसा म्हटले की मुंबईकराला पाणी आठवते. शहापूर तालुक्यातले हे धरण 1892 साली पुरे झाले आणि तेव्हापासून त्याचे पाणी मुंबईची तहान भागवत आले आहे. धरणाभोवतीचे रान, माहुलीचा डोंगर, भातसेचे खोरे, पलीकडे मुरबाडमधून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत विखुरलेली गावे आणि पाडे यांची ओळख मात्र तितकी दूरवर गेलेली नाही. या भागात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या भात, नागली, वरई पिकवत आली. रानातून मध, मोहाची फुले, कंद आणि पावसाळी भाज्या आणत आली. रानाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना रान माणसाच्या अंगावर काय करते हेही बारकाईने ठाऊक असते.

इथल्या कोणत्याही घरात चौकशी केली तर कळते की धाकट्या भावाला बिब्बा उततो, थोरल्याला उतत नाही. पहिल्या पावसात पकडलेल्या मुठ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, कालवण सगळे घर खाते, पण एका सुनेच्या अंगावर तासाभरात गांधी उठतात. भाताची झोडणी सुरू झाली की एखाद्या गड्याला शिंका आणि दमा हैराण करतात, त्याच्या शेजारी उभे राहून झोडणारा दुसरा मात्र निवांत असतो. टोप एकच, खळे एकच, रानही एकच. मग एकालाच का? या साध्या प्रश्नापासून एक मोठे शास्त्र सुरू होते. वाचकांनी त्या शास्त्राच्या दारापर्यंत यावे, आत डोकावावे आणि आवडले तर मुक्काम करावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

अ‍ॅलर्जीचा विषय डॉक्टरांचा आहे, आपल्याला त्यात काय कळणार, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. माझे मत वेगळे आहे. वैद्यकात असे फार थोडे विषय आहेत, ज्यांत रुग्णाने स्वतः केलेले निरीक्षण प्रयोगशाळेतल्या चाचणीपेक्षा अधिक मोलाचे ठरते. अ‍ॅलर्जी हा त्यांतला एक. काय खाल्ले, कशाला हात लागला, किती वेळाने त्रास झाला, याआधी ती वस्तू कधी अंगाला लागली होती का, ही माहिती फक्त ज्याची त्याच्याकडे असते. ती नीट सांगता आली तर निम्मे निदान झालेले असते. म्हणून शेतावर राबणारा, रानात फिरणारा, घरात दहा माणसांचे रांधणारा वाचक या विषयात नवखा असला, तरी रिकाम्या हाताने आलेला नसतो.

प्रवेश करण्यापूर्वी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणे, असे पुष्कळांना वाटते. तसे वाटण्यातूनच ताकदीची औषधे, काढे आणि डबे विकत घेतले जातात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याची प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती जागी असते, तत्पर असते आणि तिने एका निरुपद्रवी वस्तूला शत्रू म्हणून लक्षात ठेवलेले असते. दोष ताकदीत नसून ओळखण्यात आहे. हा एक मुद्दा वाचकांनी शेवटपर्यंत हाताशी ठेवला, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे विष, चुरचुर आणि अ‍ॅलर्जी या तीन गोष्टी वेगवेगळ्या करण्याची सवय. यासाठी शहापूर-मुरबाडच्या रानासारखी शाळा नाही, कारण तिन्ही तिथे एकाच पायवाटेवर भेटतात. खाजकुयलीच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की खाज सुटते. ती सगळ्यांना सुटते, पहिल्याच वेळी सुटते आणि लगेच सुटते. त्या लवेत प्रथिने फोडणारे एक द्रव्य असते आणि ते थेट त्वचेतल्या नसांना चेतवते. प्रतिकारशक्तीला त्यात काही करायचेच नसते, म्हणून ती अ‍ॅलर्जी नव्हे. पेरणीआधी राब भाजताना निघणाऱ्या धुराने डोळे चुरचुरतात, तेही तसेच. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. ते विषाचे काम, आणि विष माणूस पाहून निवड करत नाही. विंचवाचेही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. ते औषध विषाने चेतवलेल्या मज्जासंस्थेचा हृदयावरचा मारा थोपवते. अ‍ॅलर्जीचे औषध तिथे उपयोगाचे नसते.

मधमाशीपाशी येऊन ही विभागणी थोडी अवघड होते, आणि म्हणूनच अधिक रंजक. आग्या मोहोळ उठले आणि शेकडो माश्या डसल्या तर कोणीही गंभीर आजारी पडेल; तिथे विषाची मात्राच मोठी असते. पण एकच माशी डसून एखाद्याचा घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या, भोवळ आली, तर तिथे विष नाममात्र असते आणि सगळा गोंधळ त्याच्या स्वतःच्या शरीराने घातलेला असतो. मात्रा आणि परिणाम यांचे प्रमाण जिथे बिघडते, तिथे अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. हा नियम नवख्या वाचकाला पुष्कळ दूरपर्यंत नेतो.

आता बिब्ब्याकडे वळू. त्याच्यावर थोडा जास्त वेळ खर्च करणार आहे, कारण अ‍ॅलर्जीचे निम्मे शास्त्र या एका फळातून शिकता येते. सह्याद्रीच्या पानझडी रानात वाढणारे हे झाड मराठी घराला चांगले परिचित आहे. त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते, टरफलातले काळे तेल भेगाळलेल्या टाचांत भरले जाते, काटा रुतला तर त्यावर लावले जाते. ते तेल जहाल असते. जास्त लागले तर कोणाचीही कातडी भाजते, गोडंबी काढण्यासाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर त्याच्या खुणा असतात. पण भाजणे वेगळे आणि उतणे वेगळे. उतलेल्या माणसाची कातडी जिथे तेल लागले तिथेच थांबत नाही. दोन दिवसांनी लाल चट्टे उठतात, पाणी भरलेले फोड येतात, सूज पसरते, खाजेने झोप उडते.

हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. बिब्ब्याच्या तेलातले रेणू इतके लहान असतात की प्रतिकारशक्तीच्या नजरेत ते एरवी भरणारच नाहीत. पण ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि त्या प्रथिनांचे रूप बदलून टाकतात. लहान रेणू अशा रीतीने प्रथिनावर स्वार होऊन अ‍ॅलर्जी घडवू शकतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी 1930च्या दशकात गिनिपिगांवरच्या प्रयोगांत दाखवले. रक्तगट शोधून काढणारे तेच हे शास्त्रज्ञ. त्वचेत पहारा देणाऱ्या पेशी हे बदललेले प्रथिन उचलतात आणि काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिका गाठीपर्यंत नेतात. तिथे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी काही त्या रूपाशी जुळतात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांतल्या काही पुढे वर्षानुवर्षे शरीरात फिरत राहतात. या शिक्षणाला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात अंगावर बहुधा काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तेल लागले की शिकलेल्या टी पेशी त्या जागी जमा होतात आणि तेलाने बदललेल्या आपल्याच पेशींवर तुटून पडतात. जमायला त्यांना एक ते तीन दिवस लागतात. म्हणून मंगळवारी हाताळलेला बिब्बा गुरुवारी उततो आणि माणूस गुरुवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देतो.

बिब्ब्याची एक हकीकत जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे. आपल्याकडचे धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याची शाई वापरत, कारण ती धुण्याने जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमक्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागले. 1943 साली लष्करी डॉक्टरांनी त्याचे मूळ या शाईत असल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या रानात एक वेल असते, तिच्या चिकातली द्रव्ये बिब्ब्याच्या तेलाच्या अगदी जवळची आहेत. त्या वेलीशी ज्यांची बालपणी गाठ पडली, त्यांच्या टी पेशी बिब्बा जन्मात न पाहताही त्याला ओळखू शकतात. आंबा आणि काजू हेही याच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठांभोवती पुरळ येणे, काजूच्या टरफलातल्या तेलाने हात सोलणे, ही सगळी एकाच घराण्याची करामत आहे.

गाजरगवताची गोष्ट याच प्रकारात मोडते, फक्त तिचा विस्तार मोठा आहे. मूळ अमेरिका खंडातले हे तण 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे पापण्या, मान, कोपराची घडी अशा उघड्या जागी चिवट त्वचारोग होतो. पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचे केलेले वर्णन 1970च्या दशकात जगभर वाचले गेले. शेतात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या पुरुषांना हा त्रास विशेष झाला. एखाद्या परक्या वनस्पतीने आपल्या प्रदेशात नवा आजार आणल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी ते वेळीच ओळखले याचा अभिमान वाटावा.

मुठ्यांच्या कालवणाने उठलेल्या गांधी मात्र दुसऱ्या वाटेने येतात. त्यांना दोन दिवस लागत नाहीत, दोन घटकाही पुष्कळ होतात. इथे काम करतात ती आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे परकी वस्तू ओळखून तिला चिकटणारी प्रथिने. प्रतिपिंडांचे अनेक वर्ग रक्तात असतात आणि त्यांत आयजीई सर्वांत कमी असते. पण ती रक्तात फार रेंगाळत नाही. त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांच्या अस्तराखाली मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात, त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई जाऊन बसते. मास्ट पेशी 1870च्या दशकात जर्मनीत पॉल एर्लिक यांनी वर्णिल्या, तेव्हा ते विद्यार्थी होते. या पेशींच्या पोटात हिस्टामिनसारख्या द्रव्यांचे कण ठासून भरलेले असतात. खेकड्यातले प्रथिन पुन्हा शरीरात आले आणि शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटले, की मास्ट पेशी ते कण बाहेर ओतते. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपते, गांध उठते. नाकात हेच घडले तर शिंका आणि पाणी, श्वासनलिकेत घडले तर धाप, आतड्यात घडले तर उलटी आणि मुरडा. सगळीकडे एकदम घडले तर रक्तदाब कोसळतो. काही तासांनी इतर पांढऱ्या पेशी येऊन पोचतात आणि त्रासाची दुसरी लाट आणतात, त्यामुळे बरे वाटले तरी रुग्णाला काही काळ नजरेखाली ठेवतात.

खेकडा, कोळंबी आणि जवळा यांतले मुख्य अपराधी प्रथिन ट्रोपोमायोसिन. कोळंबीच्या बाबतीत ते ओळखण्याचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बाराव यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर केले आणि 1993 साली प्रसिद्ध केले. हेच प्रथिन थोड्याफार फरकाने झुरळात आणि गोधडीतल्या धुळीच्या सूक्ष्म किडींत असते. शिजवल्याने ते फारसे बिघडत नाही. म्हणून कालवण कितीही उकळले तरी ज्याला बाधते त्याला ते बाधतेच, आणि सुक्या मच्छीतही ते शाबूत राहते. उलट माशाची अ‍ॅलर्जी असलेल्याला खेकडा चालू शकतो, कारण माशातले प्रथिन वेगळे. पाण्यातले म्हणून सगळे एकच, असे शरीर मानत नाही.

हे सारे एका दिवसात कळलेले नाही. वाचकांना या शोधांचा इतिहास मुद्दाम सुचवतो, कारण तो रसाळ आहे आणि त्यात माणसांचे धाडस दिसते. फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए समुद्रातल्या ॲनिमोनच्या विषावर काम करत होते. विषाची थोडी मात्रा देऊन कुत्र्यांना विषाची सवय लावावी, असा त्यांचा विचार होता. काही आठवड्यांनी पुन्हा थोडी मात्रा दिली, तर तगडा कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मेला. 1902 साली त्यांनी ही बाब मांडली. एका भेटीने संरक्षण मिळायला हवे होते, तिथे मृत्यू आला, आणि त्या उलट्या निकालाकडे दुर्लक्ष न केल्याबद्दल रिशे यांना 1913 चे नोबेल मिळाले. 1921 साली जर्मनीत कार्ल प्राउसनित्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्यूस्टनर यांना मासे बाधत, प्राउसनित्झ यांना बाधत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथे गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातल्या कुठल्याशा द्रव्यातून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्यातून ठरले. ते द्रव्य म्हणजे आयजीई, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. 1966 साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ते शोधले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच हेही तिथे पोचले होते.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या पावसाळ्याशी येऊन जुळतो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली अ‍ॅलर्जी ही संज्ञा मांडली. त्यापूर्वी त्यांनी आणि बेला शिक यांनी घटसर्पाची मुले तपासली होती. या मुलांना घोड्याच्या रक्तातला द्रव टोचत, कारण त्यात घटसर्पाविरुद्धची प्रतिपिंडे असत. आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येई, सांधे दुखत, अंगावर पुरळ येई, आणि दुसऱ्यांदा टोचले तर हे सगळे फार लवकर होई. आज सर्पदंशावर दिली जाणारी लस, म्हणजे प्रतिसर्पविष, घोड्यांपासूनच तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध ती एकत्र काम करते. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी महाराष्ट्राला परिचित आहे. लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांत ही लस देताना डॉक्टर अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन भरून बाजूला ठेवतात, ते घोड्याच्या प्रथिनांना शरीर कसे उत्तर देईल हे आधी सांगता येत नाही म्हणून. विशेष असे की पहिल्यांदाच लस घेणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो. अशा वेळी बहुधा आयजीई नसतेच, मास्ट पेशी इतर मार्गांनी चेतवल्या जातात. बाहेरून दिसणारे चित्र मात्र तेच. वाचकांनी यातून लसीची भीती घेऊ नये. विषारी साप चावल्यावर ही लस हाच इलाज आहे, आणि तिचा त्रास उद्भवला तर तो रुग्णालयात आवरता येतो.

इतके घातक हत्यार शरीराने मुळात बाळगलेच कशाला, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. संशोधकांचे सर्वांत पटणारे उत्तर असे की आयजीई आणि मास्ट पेशी जंतांसारख्या मोठ्या परजीवींसाठी घडल्या. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्यांच्या पायांतून आकडीकृमी शिरत आले आहेत. अशा परजीवीला एखादी पेशी गिळू शकत नाही. त्याला शिंकून, खोकून, खाजवून, आतड्यातून ढकलून बाहेर काढावे लागते. रात्री माळ्यावर बसून भात राखणारा माणूस रानडुकराच्या चाहुलीसाठी कान देऊन असतो. डुकरे येईनाशी झाली आणि तो सशाच्या खसफशीलाही डबे बडवू लागला, तर घरच्यांचीच झोप मोडते. पराग, धूळ आणि मुठ्यांचे कालवण यांच्या बाबतीत शरीराचे काहीसे असे होते. मधमाशी आणि साप यांच्या विषापासून आयजीईमुळे थोडा बचावही होतो, असे उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. हा भाग अजून उलगडतो आहे, आणि तरुण वाचकांना त्यात काम करण्यास पुष्कळ वाव आहे.

इथून पुढचा प्रश्न खेड्यातल्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. 1989 साली इंग्लंडमध्ये डेव्हिड स्ट्राकन यांनी सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली. ज्या घरात मुले जास्त, तिथल्या धाकट्या भावंडांना परागांची सर्दी कमी, असे त्यांना आढळले. पुढे युरोपात गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जी कमी असल्याचे दिसले. 2016 साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. एक समाज घरालगत गुरे ठेवून जुन्या पद्धतीने शेती करणारा, दुसरा यंत्रांनी. दोघांचे मूळ जवळचे, पण पहिल्याच्या मुलांत दमा फार कमी. गोठ्याच्या धुळीतले जीवाणू लहान वयातच प्रतिकारशक्तीला कशाकडे दुर्लक्ष करावे हे शिकवत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. तानसा परिसरातल्या गोठ्यांकडे या दृष्टीने पाहिले तर आपल्या जगण्याची एक अनोळखी बाजू समोर येते. पण घाई करू नये. घाण चांगली, असा निष्कर्ष यातून निघत नाही. अशुद्ध पाण्याने मुले दगावतात आणि चुलीचा धूर फुप्फुसे बिघडवतो, हे तितकेच खरे आहे. खेड्यात अ‍ॅलर्जी नसते असेही नाही. पेंढ्यातली बुरशी, भाताचे तूस, पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या गवताचे पराग यांनी त्रासलेली माणसे प्रत्येक पाड्यावर आहेत.

लहान मुलांच्या आहाराबद्दल शास्त्राने आपले मत बदलले, ते वाचकांनी जरूर जाणून घ्यावे. शेंगदाण्यासारखे पदार्थ बाळाला उशिरा द्यावेत, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत बरीच वर्षे दिला गेला. 2015 साली लंडनमधल्या गिडिअन लॅक यांच्या गटाने सहाशे चाळीस बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बाळे अ‍ॅलर्जीचा धोका असलेली होती. ज्यांनी पहिल्या वर्षातच शेंगदाणा खायला सुरुवात केली, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. तोंडावाटे लवकर झालेली ओळख शरीर सहन करायला शिकते, फुटलेल्या कातडीतून झालेली ओळख वैर धरायला शिकवते, असे आज मानतात. आपल्याकडे उष्टावणानंतर घरचे सगळे थोडे थोडे भरवण्याची रीत आहे, तिला यातून बळ मिळते. मात्र दाणे बारीक कुटून द्यावेत, अख्खा दाणा घशात अडकतो. भारतातल्या अन्नाचा अभ्यास अजून तोकडा आहे. मुंबईच्या संशोधकांनी हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीचे जे काम केले त्यातून एवढे दिसले की आपली यादी परदेशी पुस्तकांतल्या यादीपेक्षा वेगळी असणार. ती यादी आपणच तयार करायची आहे.

या विषयाकडे वळताना चाचण्यांपासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्वचेवर टोचून केलेली किंवा रक्ताची चाचणी इतकेच सांगते की शरीराने एखाद्या वस्तूविरुद्ध आयजीई तयार केली आहे. ती असूनही त्रास न होणारी माणसे भरपूर असतात. जंतांमुळे एकूण आयजीई वाढते, तेव्हा आपल्या भागात नुसता तो आकडा मोठा आला म्हणून काही सिद्ध होत नाही. शंभर पदार्थांची यादी तपासून देणाऱ्या महागड्या पाकिटामुळे घराघरांत मुलांचे दूध, डाळ, गहू विनाकारण बंद झालेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला दुःख होते. आधी हकीकत, मग त्या हकीकतीला पडताळणारी नेमकी चाचणी, हा क्रम सोडू नये. हकीकत लिहिताना त्रास मिनिटांत आला की दिवसांनी, हे सर्वप्रथम लिहावे. त्या एका उत्तरावरून आयजीईची वाट की टी पेशींची, हे बहुतेक वेळा ठरते.

घरगुती उपायांचा मान ठेवूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पित्ताच्या गांधींवर आमसुलाचा कोळ लावला तर गारवा मिळतो, त्यात वाईट काही नाही. पण खाण्यानंतर, माशी डसल्यानंतर किंवा इंजेक्शननंतर गांधींबरोबर आवाज बसला, श्वासात शिटी वाजू लागली, उलट्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कोळ, लेप आणि मंत्र यांत एक क्षणही घालवू नये. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनालिन प्राण वाचवते, आणि ते जितके लवकर तितके चांगले. अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी खाज थांबवते, कोसळणारा रक्तदाब थांबवत नाही. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर टेकून बसू द्यावे. एकदम उभे करून चालवत नेऊ नये.

ज्यांच्या घरात असा प्रसंग एकदा घडून गेला आहे, त्यांनी कारण असलेल्या वस्तूचे नाव, त्रास सुरू व्हायला लागलेला वेळ आणि दिलेले औषध एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. त्याची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी, दुसरी रुग्णाच्या खिशात असावी, आणि त्यात काय लिहिले आहे हे घरातल्या शाळकरी मुलापर्यंत सर्वांना ठाऊक असावे.